पंक्चरचा हिशेब

वेदगंगेच्या पुलाअलीकडं, फाट्यावर माझं दुकान.
तीन पत्रे, घमेलंभर पाणी, हवेचं मशीन.
दिवाळीनंतर एका दुपारी वही काढली.
पंक्चरी एकोणीस.
सोल्युशनच्या ट्यूबा गेल्या त्रेसष्ट.

वाटलं, मोजण्यात चुकलो.
अब्बांचं गणित कच्चं, माझंही त्यांच्यावर गेलेलं.
पुन्हा मोजलं. मग वही मिटली.
खोटं कशाला बोलू,
दोन दिवस मी नुसता चहा पीत बसलो.

पोरं यायची आठवी-नववीतली,
"चाचा, सायकल घरी हाय, घरीच लावतो."
नाकाखाली लाल चट्टा, खिशात चुरगळलेला रुमाल.
सगळं दिसत होतं की.
दहाची नोट गल्ल्यात पडताना
आवाज करत नाही.

तिसऱ्या पहाटे दूध सोसायटीत गेलो.
माझ्या दारात म्हैस नाही,
रांगेतल्या बाया हसल्या,
"दस्तूचाचा, कुणाचं दूध आणलंसा?"
मी वही पुढं केली.
शालनताई आशाचं काम करते, तिनं ती वाचली
फॅट वाचून दाखवावी तशी, मोठ्यानं:
एकोणीस. त्रेसष्ट.
मागं कुणाच्या तरी किटलीचं झाकण
फरशीवर गरगरत राहिलं बराच वेळ.

कुणी म्हणालं, पोलिसांत द्या ह्यालाच.
कुणी म्हणालं, आमचं पोरगं न्हवंच त्यातलं.
कुणी काहीच म्हणालं नाही, लवकर घरी गेलं.

दुसऱ्या दिवशी मेडिकलवाला महावीर आला,
काखेत त्याची वही.
खोकल्याच्या बाटल्या वाचल्या त्यानं, खाली बघत.
एवढं खोकत न्हवतं गाव.
पानपट्टीवाल्याची वही
अजून यायची आहे.

मग काय काय झालं.
सरपंचानं फ्लेक्स लावला, तो वाऱ्यानं फाटला,
त्याचं कापड आता कुणाच्या तरी वैरणीवर आहे.
ओढ्याकडच्या बंद गुऱ्हाळात पोरं बसायची,
तिथं बचत गटानं शेवयाचं मशीन टाकलं,
दारात मोठा बल्ब.
बाया रात्री दहापर्यंत मोठ्यानं भांडतात तिथं,
त्या भांडणात कोण नशा करत बसणार?
वस्तादांनी तालमीचं कुलूप तोडलं,
किल्ली सापडंना म्हणून.
कोण कुठनं आलास, तोंडाला वास कसला,
विचारत नाहीत.
म्हणतात, "आधी माती उकर. तुझं तू सांगशील."
काही सांगतात. काही नुसतीच उकरतात.

धैर्यशील आला नाही.
एमआयडीसीत कामाला लागलेला, बारीक मिशीचा.
माझ्याकडनं पहिली ट्यूब नेली तेव्हा सातवीत होता.
आता सीपीआरच्या वरच्या मजल्यावर आहे,
आईला ओळखतो कधी कधी.
ती रोज पहाटे दुकानावरनं दूध घालायला जाते.
माझ्याकडं बघत नाही.
बघू नये तिनं.

काल एक बारकं आलं, पाचवीतलं असेल.
"चाचा, ट्यूब."
"सायकल आण."
"लांब हाय घर."
"असू दे. मी हाय हितंच."
वाटलं, गेलं हे, आता येत नाही.
पाऊण तासानं आलं, ढकलत, घामाघूम,
मागचं चाक बसलेलं, खरंच.
त्याचाच हात धरून घमेल्यात घातला.
पाणी गार. ते शहारलं.
"दाब हळू. बुडबुडा कुठनं येतो बघ."
वाकून बघत राहिलं, नाक पाण्याला टेकेपर्यंत.
"हितनं, चाचा! हितनं!"

बाभळीचा काटा होता.
घासलं, लावलं, फुंकर मारली त्यानंच.
पैसे न्हवते त्याच्याकडं, मी मागितलेही नाहीत.
रात्री वहीत लिहिलं:
पंक्चर एक.
सोल्युशन, शेंगदाण्याएवढं.